परवाशेठचा परवा

परवाशेठ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. आईवडिलांनी चारचौघांसारखं बरं नाव ठेवलं होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं आहे. गल्लीत येऊन "परवाशेठ सोफेवाले कुठे बसतात?" असं विचारलं, तरच कोपऱ्यावरचा चहावाला मानेने दिशा दाखवतो. नवख्या माणसाला वाटतं, असेल आडनाव. आडनाव कसलं! ती चक्क शिवी होती. आमचा सोफा कधी मिळणार, असं कुणी विचारलं की या गृहस्थांच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडायचा, परवा. तोही इतक्या खात्रीने, की विचारणाऱ्याला आपल्या शंकेची लाज वाटावी. पुढे 'शेठ' जोडलं ते शेजारच्या शिंप्याने, कारण यांचा खिसा बारा महिने रिकामा.

गंमत अशी, की पुढे बारा वर्षं परवाशेठनी तो शब्द तोंडातून काढला नाही. गिऱ्हाइकाला ते मंगळवार सांगत, सोळा तारीख सांगत. घरीसुद्धा "उद्याच्या पुढच्या दिवशी गॅस संपेल बहुतेक" अशी कसरत करत आणि बायको तोंडावर हात धरून हसे. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

कारागीर म्हणून माणूस पहिल्यापासून अव्वल, हे आधीच सांगायला हवं. रस्त्याला लागून दोन शटरांचा गाळा. दारातच मोठं शिलाई मशीन, मागे फोमच्या लाद्या पार छताला टेकलेल्या, भिंतीशी गोणपाटाचे गठ्ठे आणि मध्ये सोलून ठेवलेले सोफे. जुना सोफा आला की कव्हर फाडायचं, फोम काढायचा, गोणपाट उसवायचं, स्प्रिंगा सोडवायच्या आणि नुसता लाकडी सांगाडा ठेवायचा. मग पहिल्यापासून उभारायला घ्यायचा. परवाशेठनी वाकडी सुई हातात घेतली, की कडेची शिलाई कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे शोधायला चष्मा लागे. तीस वर्षांपूर्वी त्यांनी भरलेल्या खुर्च्यांवर आजही माणसं बसतात आणि उठताना कण्हत नाहीत.

सोफे सोलताना त्यांच्या पोटातून काय काय निघायचं. नाणी, पेनांची टोपणं, केसांच्या पिना, पत्त्यांतली एखादी राणी, एकदा तर कुणा पोराचा दुधाचा दात. यातलं एकूण एक परवाशेठ पाकिटात घालून सोफ्याबरोबर परत पाठवत. एका आजींचं वीस वर्षांपूर्वी हरवलेलं कानातलं असंच परत गेलं, तेव्हा आजी दारातच रडल्या. त्या कानातल्यावर परवाशेठ पुढे वर्षभर छाती काढून फिरले. आपल्याइतका प्रामाणिक माणूस या धंद्यात नाही, असं ते कुणी विचारलं नाही तरी सांगत.

आणि त्याच वर्षी हा प्रामाणिक माणूस अकरा घरांचे पैसे खाऊन बसला होता.

ते कसं, ते सांगायला हवं, कारण त्यात लबाडी नव्हती. लबाडी असती तर परवाशेठना ती वेळेवर समजली तरी असती. त्यांच्या कामाची रीत अशी, की गिऱ्हाइकाने अर्धे पैसे आधी द्यायचे. त्यातून कापड, फोम, गोणपाट आणायचं. उरलेले अर्धे काम घरी पोचल्यावर. साधा हिशोब आहे. पण एकदा एका वकिलाच्या सोफ्याचं महागाचं कापड कापताना परवाशेठकडून फुलं उलटी गेली. देठ वर आणि पाकळ्या खाली, तेही तिन्ही गाद्यांवर. वकिलाला जाऊन "चुकलो" म्हणायचं, तर जीभ रेटेना. एवढा अव्वल कारागीर, चुकलो कसा म्हणणार? नेमकी त्याच संध्याकाळी एक बाई दिवाणाचं काम देऊन अर्धे पैसे हातात ठेवून गेली. परवाशेठनी त्या पैशातून वकिलाचं कापड पुन्हा आणलं. वकील खूश झाला. बाईच्या दिवाणाचं कापड आणायचं राहिलं, ते तिच्यामागून आलेल्या डॉक्टरच्या पैशातून आणलं. डॉक्टरचं त्याच्या पुढच्याच्या पैशातून.

अशी सहा वर्षं गेली. खड्डा एकाच सोफ्याएवढा होता, पण तो काही बुजला नाही, प्रत्येक वेळी पुढच्याच्या दारात सरकत राहिला. मध्ये फोमचे भाव वाढले, एकदा लेक आजारी पडली, एकदा भाड्याचे दिवस भरले. प्रत्येक वेळी हाताशी कुणाचे ना कुणाचे पैसे होतेच. खड्डा आडवा वाढत गेला. पुढचं गिऱ्हाईक आल्याशिवाय मागच्याचं कापड येत नसे, आणि ते कधी येईल हे कुणाला ठाऊक? म्हणून मग परवा. परवाशेठ खोटं बोलत नव्हते. परवापर्यंत कुणीतरी येईलच, असं त्यांना मनापासून वाटत असे.

मग हॉटेलवाला आला. चौकात नवं हॉटेल निघत होतं. दहा टेबलं, चाळीस खुर्च्या, सगळ्यांना गादीची बैठक. त्याने अर्ध्या रकमेची जाडजूड गड्डी काढून दिली. परवाशेठच्या हातात एवढे पैसे एकदम कधी आले नव्हते. आठ दिवसांत त्यांनी अडकलेले सात सोफे धडाधड पूर्ण करून घरोघर पोचवले. गल्ली तोंडात बोट घालून बघत राहिली. शिंपीसुद्धा म्हणाला, "आता नाव बदलायला लागणार तुमचं."

नाव बदलावं लागलं नाही. सात सोफ्यांत गड्डी संपली आणि खुर्च्यांचं कापड दुकानातच राहिलं. हॉटेलवाला आला, परवाशेठ म्हणाले परवा. तो पुन्हा आला, पुन्हा परवा. तिसऱ्यांदा आला तेव्हा उद्घाटनाला तीन दिवस होते आणि चाळीसपैकी एकही खुर्ची भरलेली नव्हती. तो ओरडला नाही. त्याने टेम्पो आणून आपले लाकडी सांगाडे भरले, बाजारातून तयार खुर्च्या विकत घेतल्या आणि जाताना भर गल्लीत म्हणाला, "माझे पैसे परत द्या. कामाला तुम्ही चांगले असाल, पण तुमचा शब्द चालत नाही."

हे वाक्य चहावाल्याच्या टपरीवरून तासाभरात सगळीकडे पोचलं. दुसऱ्या दिवसापासून नवं गिऱ्हाईक यायचं बंद झालं. नवं गिऱ्हाईक नाही म्हणजे नवे पैसे नाहीत, आणि गाळ्यात तर आणखी अकरा घरांचे सोफे सोलून पडलेले. परवाशेठच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा सगळे सांगाडे मोजले. तोवर त्यांनी कधी मोजलेच नव्हते.

त्यांची बायको इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची. कामावरून येऊन ती गाळ्यात एका उपड्या डब्यावर बसली आणि सगळं ऐकून घेतलं. ती आदळआपट करणारी बाई नव्हती. तिने कपाटावरचं एक पाकीट उचललं. त्यात कुणाच्या तरी सोफ्यातून निघालेली चार नाणी होती, परत पाठवायची.

"ही कुणाची?" तिने विचारलं.

"पोस्टातल्या साहेबांची. सोफ्याबरोबर द्यायची आहेत."

"फटीत पडलेली नाणी परत देता, आणि विश्वासाने हातात ठेवलेल्या नोटा खाता होय?"

"खाल्ल्या कुठे? कामातच गेल्या की सगळ्या!"

"कामात गेल्या. पण त्यांच्या कामात नाही गेल्या ना?"

सहा वर्षांत ही गोष्ट त्यांना इतक्या सोप्या शब्दांत कुणी सांगितली नव्हती. नाणी दुसऱ्याची आहेत हे त्यांना दिसत होतं, कारण ती दुसऱ्याच्या सोफ्यात सापडत. नोटा मात्र त्यांच्या हातात येत आणि हातात आल्या की त्यांच्याच वाटत. बायको उठता उठता एवढंच म्हणाली, "अकराही घरी जा. स्वतः जा. आणि खरं सांगा."

रविवारी परवाशेठ निघाले. बायकोला रविवारीही कामाची पाळी होती, म्हणून नऊ वर्षांची लेक बरोबर घ्यावी लागली. ती प्रत्येक घराबाहेर जिन्याच्या पायरीवर बसून राही आणि परवाशेठ आत जात.

आत गेल्यावर जे दिसलं त्याची तयारी त्यांनी केली नव्हती. सोफ्यांशिवायची ही घरं त्यांनी आजवर कधी पाहिलीच नव्हती. पहिल्याच घरात फरशीवर एक फिकट चौकोन होता, सोफा उचलला त्या जागेचा, आणि त्यात चादर टाकून सगळं घर टीव्ही बघत बसलं होतं. गुडघे दुखणारे आजोबा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. आठ महिने! दुसऱ्या घरात पाहुण्यांना बाहेरच्या बाहेर कटवत होते, कारण बसवायचं कुठे? परवाशेठनी प्रत्येक ठिकाणी उभ्याने सांगितलं, "तुमचे पैसे मी दुसऱ्याच्या कामात घातले. आता माझ्याकडे नाहीत. मी नोकरी धरतोय. पगारातून एकेकाचं कापड आणीन आणि एकेकाचं काम करीन. तुमचा नंबर अमुक."

एकाने शिव्या घातल्या, त्या शेजारीपाजारी ऐकू गेल्या. एकीने दार लावून घेतलं. पोस्टातले साहेब पोलिसांत जातो म्हणाले आणि चपला घालेपर्यंत त्यांचा राग उतरला. परवाशेठनी मात्र एकही घर चुकवलं नाही. बाहेर जिन्यावर लेक सगळं ऐकत होती. तिच्याकडे बघायचा धीर त्यांना झाला नाही.

अकरावं घर निवृत्त मास्तरीणबाईंचं. त्यांच्या दोन खुर्च्या होत्या. एकट्या राहत.

"बसा म्हटलं असतं," त्या म्हणाल्या, "पण माझ्या बसायच्या वस्तू तुमच्याकडे आहेत."

परवाशेठनी सगळं सांगितलं. बाईंनी ते उभ्यानेच ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "माझा नंबर?"

"अकरावा."

"तारीख सांगा."

"बाई, तारीख कशी सांगू? आत्ता..."

"तारीख सांगा. परवा म्हणू नका. हा शब्द तुम्ही फार खराब करून ठेवलाय. खरा करता येईल तेव्हाच बोला, तोवर बोलूच नका."

परवाशेठनी भिंतीकडे बघत मनात पगार मोजले, नंबर मोजले आणि तारीख सांगितली. दोन वर्षं सात महिन्यांनंतरची, बारा एप्रिल. बाईंनी मान डोलवली नाही. नुसतं दार उघडून धरलं.

घरी परतताना परवाशेठना एक गोष्ट अगदी स्वच्छ कळली. पैसे फिटतील. कधी ना कधी फिटतीलच. पण आपण एक शब्द बोलावा आणि समोरच्याने निमूट मान डोलवून आपल्या कामाला लागावं, ही साधी गोष्ट आपण घालवली आहे. ती परत मिळवायची. दुसरं काही नको. त्यांनी त्या शब्दाचा कानाला खडा लावला.

दुसऱ्याच आठवड्यात ते बसच्या सीटा बनवायच्या कारखान्यात रुजू झाले. वाकडी सुई चालवणारा माणूस दिवसभर मशीनवर एकसारखं रेक्झिन खिळे मारून ताणायचा, ताशी बारा सीटा. मुकादम त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होता आणि "काका, जरा हात उचला" म्हणायचा. संध्याकाळी दोन तास आणि रविवारी पूर्ण दिवस गाळा. छोटा टेम्पो विकला, त्यातून हॉटेलवाल्याची अर्धी रक्कम गेली, उरलेली दर महिन्याच्या सात तारखेला हॉटेलच्या मागच्या दाराने द्यायला जात. हॉटेलवाला घ्यायचा, मोजायचा, बोलायचा नाही. पगारातून उरेल त्यात दोन-तीन महिन्यांनी एका घराचं कापड येई. पहिला सोफा हातगाडीवर ढकलत नेला तेव्हा स्टुलावरचे आजोबा दारात उभे होते. सोफा जागेवर ठेवल्या ठेवल्या ते त्यावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

याच काळात थैलीची युक्ती निघाली. ती परवाशेठची. कुठल्याही सोफ्याचं जुनं कव्हर फाडलं, की त्याच्याच दोन तुकड्यांची तळहाताएवढी थैली शिवायची. त्या गिऱ्हाइकाचे आगाऊ पैसे त्या थैलीत. आणि थैली त्याच सोफ्याच्या सांगाड्यावर, आतल्या बाजूला, खिळ्याला टांगायची. हिरव्या मखमलीच्या सोफ्यात हिरव्या मखमलीची थैली, चौकडीच्या खुर्चीत चौकडीची. फटीतलं नाणं जसं परक्याचं दिसायचं, तसेच हे पैसेही परक्याचे दिसावेत, एवढ्यासाठी हा खटाटोप. कापडवाल्याकडे जाताना ते थैलीच घेऊन जात आणि उरलेली मोड त्याच थैलीत परत ठेवत. शिंप्याला ही युक्ती समजली, तेव्हा तो इतका हसला की त्याच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या. "बँक काढलीत की सोफ्याच्या पोटात!" परवाशेठही हसले. थैल्या शिवत राहिले.

मास्तरीणबाईंच्या खुर्च्या त्यांनी नऊ एप्रिलला नेल्या. बाईंनी दार उघडलं, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि म्हणाल्या, "तीन दिवस लवकर आलात. ठेवा बाहेर, बाराला आत घेते."

मग मात्र स्वतःच हसल्या आणि पहिली खुर्ची ओढून म्हणाल्या, "बसा." अकरा घरांतलं हे पहिलं "बसा" होतं. परवाशेठ स्वतःच भरलेल्या खुर्चीवर बसले. बाईंनी उरलेले अर्धे पैसे आणून हातात ठेवले, ते परवाशेठच्या आयुष्यातले सगळ्यात कष्टाचे पैसे होते. उरलेल्या घरांनीही पुढे एकेक करून त्यांना पुन्हा काम दिलं. दार लावून घेतलेल्या बाईने तर धाकट्या बहिणीलाही पाठवलं.

वर्षं गेली. कारखाना सुटला, गाळा पुन्हा दिवसभर उघडू लागला. जिन्यावर बसलेली लेक मोठी झाली. तिने आधी शाळा पुरी केली, मग दुसरीकडे नोकरी करून पाहिली आणि एक दिवस येऊन मशीनवर बसली ती उठलीच नाही. तिचा हात बापापेक्षा वेगवान आणि बोलणं बापाच्या एक दशांश. तिने कधी त्या रविवारचा विषय काढला नाही, परवाशेठनीही नाही. तिला ते आठवत नसावं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

आणि मग या वर्षी गाळ्याचा म्हातारा मालक वारला. त्याच्या मुलाने कागद पाठवला. डिपॉझिट तिप्पट, महिनाअखेरपर्यंत, नाहीतर गाळा खाली करा. पलीकडचा मोबाईलवाला तेवढी रक्कम घेऊन तयारच होता. परवाशेठकडे तिसरा हिस्सा होता. तीस वर्षं ज्या दारात बसले तो दोन शटरांचा गाळा जाणार म्हणून त्यांना घास गिळेना.

अशात एका सकाळी हॉटेलवाला दारात उभा राहिला. केस पांढरे झालेले. हातात एक जुनी खुर्ची.

"बाजारच्या खुर्च्यांनी बारा वर्षांत तीनदा मान टाकली," तो म्हणाला. "आता तुम्हीच करा. चाळीस. मला पैसे परत आणून देणारा माणूस आयुष्यात तुम्ही एकटेच भेटलात. म्हणून अर्धे नाही, सगळेच आधी देतो." आणि त्याने कापायच्या टेबलावर गड्डी ठेवली.

परवाशेठनी नजरेनेच मोजली. डिपॉझिटपेक्षा थोडी जास्तच होती. त्यांचा हात आपोआप पुढे गेला आणि गड्डी उचलली गेली. महिनाअखेरीला चारच दिवस होते. आत्ता डिपॉझिट भरू, खुर्च्यांचं कापड काय, पुढच्या महिन्यात येईल. चार कामं येणारच आहेत. कुणीतरी येईलच. हे सगळं त्यांच्या डोक्यात इतक्या सहज आणि इतक्या ओळखीच्या आवाजात आलं, की त्यांना त्यात काही खटकलंही नाही. त्यांनी आनंदाने लेकीकडे बघितलं.

लेक जागेवर नव्हती. तिने हॉटेलवाल्याची खुर्ची उलटी केली होती, पक्कडीने चार खिळे उपसून मागचं रेक्झिन सोडवलं होतं आणि त्यातून दोन तुकडे कापत होती. मशीन अर्धा मिनिट वाजलं. तिने थैली उलटवली, दोरा तोडला आणि गड्डीच्या जागी, टेबलावर ठेवली.

परवाशेठनी गड्डी थैलीत घालायला घेतली. जाईना. उभी घातली, आडवी घातली. पोरीने मुद्दाम लहान शिवली की काय? त्यांनी मान वर केली. समोर नऊ सांगाड्यांना नऊ थैल्या लटकत होत्या, सगळ्या याच मापाच्या. मापात काही चूक नव्हती. त्यांनी लेकीकडे बघितलं. ती त्यांच्याकडेच बघत होती, आणि त्या नजरेत जिन्याच्या अकरा पायऱ्या होत्या. तिला सगळं आठवत होतं. एकूण एक शिवी आठवत होती.

"बाबा," ती म्हणाली, "यांची टेबलं किती?"

"दहा," परवाशेठ म्हणाले.

"मग एका टेबलाच्या चार."

परवाशेठनी चार खुर्च्यांच्या सामानापुरते पैसे मोजून थैलीत घातले. ते मात्र व्यवस्थित बसले. बाकीची गड्डी त्यांनी हॉटेलवाल्याकडे सरकवली. "चार झाल्या, की पुढच्या चारांचे द्या. तुमचं हॉटेलही बंद ठेवायला नको."

"अहो, माझा विश्वास आहे तुमच्यावर!"

"तुमचा आहे हो," परवाशेठ म्हणाले. "माझा नाही अजून."

हॉटेलवाला डोकं हलवत गेला. परवाशेठ उपड्या डब्यावर बसले. "गाळा गेला," ते म्हणाले.

"गेला तर गेला," ओठांत सुई धरून लेक म्हणाली आणि कामाला लागली.

गाळा खरंच गेला. पण त्या बसल्या जागी परवाशेठना वाईट वाटण्याऐवजी असा काही अभिमान वाटला, की कानातल्याच्या वेळचा तो अभिमान त्यापुढे पोरखेळ होता. जे शिकायला त्यांना सहा वर्षं, अकरा घरं आणि एक कारखाना लागला, ते ही पोरगी नवव्या वर्षी जिन्यावर बसून शिकली होती. तिला शिकवावं असं आता काही राहिलंच नव्हतं. त्यांनी हे बायकोला घरी जाऊन सांगितलं, तर ती म्हणाली, "मग? मुलगी कुणाची आहे?" आणि कुणाची ते मुद्दामच सांगितलं नाही.

महिनाअखेरीला हातगाडीच्या नऊ खेपा झाल्या. मागच्या गल्लीत सायकलवाल्याची एक अडगळीची खोली मिळाली, एका शटरची. फोमच्या लाद्या उभ्या लावल्या तर मशीन बाहेर येतं आणि मशीन आत घेतलं तर परवाशेठ बाहेर येतात. चारपेक्षा जास्त खुर्च्या तिथे एका वेळी मावल्याही नसत्या. पुढच्या गाळ्यात मोबाईलवाल्याने रंगीत दिवे लावले. चहावाला आता मान जरा जास्त वळवून दिशा दाखवतो.

सांगितलेल्या मंगळवारी पहिल्या चार खुर्च्या घेऊन बापलेक हॉटेलात पोचले. हॉटेलवाल्याने एक खुर्ची ओढली, बसला, जरा वर-खाली झाला, पाठ टेकली. कडेच्या शिलाईवरून अंगठा फिरवला. शिलाई कुठे सुरू होते ते त्याला सापडलं नाही. मग त्याने गल्ल्यातून पुढच्या चारांचे पैसे काढून दिले.

"पुढच्या चार कधी?" त्याने विचारलं.

परवाशेठनी डोक्यात मोजलं. पैसे हातात. कापडवाल्याचं दुकान आता उघडं. फोम कापलेला. सोलायला आजची संध्याकाळ, भरायला उद्याचा दिवस, सकाळी शिलाई. कुणी यायची वाट बघायची नव्हती. "गुरुवारी" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि बारा वर्षं गिळून ठेवलेला शब्द बाहेर पडला.

"परवा."

हातगाडीची दोरी सोडणारी लेक थांबली. आता हा माणूस हसणार, नाहीतर बारा वर्षांपूर्वीचं काढणार.

हॉटेलवाल्याने नुसती मान डोलवली. "ए," त्याने वेटरला हाक मारली, "दोन नंबरच्या चार खुर्च्या बाहेर काढ, आणि परवा दुपारी ते टेबल चालू ठेव." एवढं बोलून तो आत भटारखान्याकडे गेला.

परवाशेठ तो गेला त्या दाराकडे बघत उभे राहिले. लेकीनेच त्यांच्या बाहीला धरून हलवलं, तेव्हा त्यांनी वेटरने बाहेर काढलेली पहिली खुर्ची उचलली.

गुरुवारी सकाळी साडेअकराला दोन नंबरच्या टेबलाच्या चारही खुर्च्या हॉटेलच्या दारात होत्या.